काकू मागच्या सीटवर बसेना : मागच्या शॉकअपचं एक प्रकरण

"मले मांगं बसाचं नाई, मी आपली यष्टीनं येतो." काकू हे पहिल्यांदा बोलली तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. दारात गाडी उभी असून बाई यष्टीनं माहेरी जातो म्हणते म्हणजे काकाजींशी काहीतरी बिनसलं असणार, असंच घरात सगळ्यांनी धरलं. ही गोष्ट २०२३ च्या दिवाळीतली. पुढचे सात महिने आणि बारा हजाराच्या आसपास रुपये गेल्यावर समजलं की गाडीच्या बिघाडाची पहिली आणि सगळ्यात बरोबर तक्रार तीच होती, बाकी आम्ही सगळे उगीच इकडंतिकडं पैसे टाकत होतो.

गाडीचं नाव नाही सांगत, कारण यात कंपनीचा काही दोष नाही आणि नाव सांगितलं की लोकं शॉकअप सोडून गाडीवरच बोलतात. २०१२ ची छोटी हॅचबॅक, पुढच्या चाकांवर ओढणारी, मागे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा लोखंडी आख म्हणजे टॉर्शन बीम, त्याच्यावर दोन गोल स्प्रिंगा आणि स्प्रिंगांपासून वेगळे उभे दोन शॉकअप, म्हणजे हिसके जिरवणारे शॉक अॅब्झॉर्बर. स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे. मीटर १ लाख ८ हजार किलोमीटर. गाव आमचं धामणगाव रेल्वे तालुक्यात, गाडीचं काम म्हणजे रोज धामणगाव, आठवड्यातून एकदा अमरावती, आणि हंगामात सोयाबीन नाहीतर तुरीचे कट्टे. डिक्कीत दोन अन् मागची सीट पाडून अजून तीन असे कट्टे काकाजींनी या गाडीत कित्येकदा बाजार समितीत नेलेत. ट्रॅक्टर शेजाऱ्याचा, त्याला विनवण्यापेक्षा आपली गाडी बरी, हा त्यांचा हिशोब.

आता काकूला जे लागत होतं ते काकाजींना काऊन लागत नव्हतं? सोपं आहे. ड्रायव्हर बसतो पुढच्या अन् मागच्या चाकांच्या मधात, मागचा माणूस बसतो जवळपास मागच्या चाकांच्या डोक्यावर. मागचं चाक उसळलं की त्याचा पुरा हिसका मागच्याच्या कमरेला, ड्रायव्हरपर्यंत पोचेपर्यंत त्याचं अर्धं होऊन जाते. शिवाय शॉकअप एका रात्रीत मरत नाही. तो वर्ष दोन वर्ष हळूहळू ढिला होत जातो आणि रोज चालवणाऱ्याचा हात पाय त्याच्यासोबत सवय लावून घेतो, ब्रेकर आला की आधीपेक्षा थोडा लवकर गियर पाडतो, वळणावर थोडा कमी जातो, आणि त्याला वाटते गाडी जशी होती तशीच आहे. म्हणून कधीमधी मागे बसणारा माणूस सांगेल ते ऐकायचं. आमच्या घरी ते कोणी ऐकलं नाही, कारण बोलणारी काकू होती, आणि काकाजींचं ठरलेलं उत्तर होतं, "रस्ताच तसा हाय, मी काय करू."

रस्ता तसा होताच म्हणा. आमच्या भागातली काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन वर्षात लाटालाटांचा होऊन जातो. खड्डा नसतो, डांबर शाबूत असते, पण गाडी होडीसारखी चालते. गाव सोडल्यावर नाल्याच्या पुढे असा एक तुकडा आहे, आणि तिथं एक गंमत होती जी मला फार उशिरा कळली. त्या तुकड्यावर चाळीसनं गेलं तर काही नाही, ऐंशीनं गेलं तरी बरं, पण साठच्या आसपास गाडीचा मागचा भाग घोड्यासारखा उड्या मारायला लागायचा. साठचा वेग म्हणजे सेकंदाला सोळा सतरा मीटर. लाटा जर तेरा चौदा मीटरवर असतील तर सेकंदाला एकाहून जरा जास्त वेळा धक्का बसते, आणि स्प्रिंगवर ठेवलेल्या गाडीचं स्वतःचं डोलणंही साधारण तेवढंच असते. म्हणजे पोराच्या झोक्याला बरोबर वेळेवर ढकलत राहिल्यासारखं. झोका वाढत जातो. हा झोका मारणं एवढंच शॉकअपचं काम आहे. बाकी गाडीचं वजन उचलायचं काम त्याचं नाही, ते स्प्रिंगचं.

इथंच गावोगाव गोंधळ होते म्हणून थोडं थांबून सांगतो. गाडी मागून बसली, चाकाच्या वरचा गाळा कमी दिसते, लोड टाकला की बूड घासते, हे सगळं स्प्रिंगचं दुखणं. शॉकअप पूर्ण मेला तरी गाडी उभी असताना जवळपास तेवढीच उंच दिसेल. शॉकअपच्या आत नळी, नळीत तेल आणि दांड्याच्या टोकाला बारीक छिद्रांचा पिस्टन असतो, चाक वर खाली झालं की तेल त्या छिद्रांतून जबरदस्तीनं जाते, त्याला जोर लागते, आणि हिसक्याची ताकद तेल गरम होण्यात खर्च होऊन जाते. तेल गळलं किंवा आतले व्हॉल्व्ह झिजले की चाकाला अडवणारं कोणी राहत नाही. स्प्रिंग दाबली की सुटणार, सुटली की परत दाबणार.

आता आम्ही काय काय केलं ते ऐका. सुरुवात काकाजींनी केली, पंक्चरवाल्याला सांगून मागच्या चाकातली हवा कमी करून चोवीस करून घेतली, का तर मऊ चालते म्हणून. मऊ चालली आठ दिवस. मग टायरच्या दोन्ही कडा घासायला लागल्या. त्यात मागून हूं हूं असा आवाज सुरू झाला, साठच्या वर गेलं की मोठा. धामणगावच्या एका गॅरेजवाल्यानं टायर पाहिले, म्हणाला टायर खराब झाले, दोन नवे टाका, अन् बॅलन्सिंग अलाइनमेंट करून घ्या. टायरचे ७,६०० आणि ते बाकीचं ९०० गेलं. आवाज बंद! काकाजी खूष, काकूला म्हणे, "आता बस मांगं." काकू बसली आणि परत आल्यावर काही न बोलता कमरेला पट्टा बांधून झोपली.

चार पाच हजार किलोमीटर झाले नाहीत तर आवाज परत आला. नव्या टायरवर. इथं खरं म्हणजे आमच्या डोक्यात घंटी वाजायला पाहिजे होती, कारण नवा टायर इतक्यात कसा बोलायला लागेल? पण गॅरेजवाला म्हणाला बेअरिंग. डाव्या मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं, १,९०० रुपये. आवाज तसाच. मग काकाजींच्या एका सोयऱ्यानं सुचवलं की स्प्रिंगच्या वेटोळ्यांमधे ते रबरी बफर मिळतात ते टाका, गाडी उचलली जाते. १,४०० रुपयांत तेही बसवले. गाडी थोडी उचलली गेली खरी, कट्टे टाकल्यावर बूड घासत नव्हतं, पण उसळणं आधीपेक्षा वाईट झालं. होणारच होतं. बफरनं स्प्रिंग आणखी कडक झाली, कडक स्प्रिंगला आवरायला शॉकअपमधे जास्त दम लागते, आणि आमच्या शॉकअपमधे दमच उरला नव्हता. आडमुठ्या गोऱ्ह्याला जास्त ढेप खाऊ घालावी अन् वेसण मात्र तीच जुनी ठेवावी, तसं.

मी या सगळ्यात नव्हतो असं नाही. मी आयटीआय केलेला आहे, मोटार मेकॅनिकचाच ट्रेड, पण आता शेती अन् कृषी केंद्र बघतो, आणि खरं सांगायचं तर काकाजींच्या गाडीत बोट घालायची माझी हिंमत नव्हती. शिवाय मी बसलो तर पुढेच बसायचो. मागे कधी बसलोच नाही, तेच चुकलं.

मे २०२४ मधे नागपूरला लग्न होतं. समृद्धी महामार्ग आमच्याजवळून जातो, नागपूर शिर्डी तुकडा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला तेव्हापासून नागपूर म्हणजे आमच्यासाठी सकाळी जाऊन दुपारी परत येण्यासारखं झालंय. गाडीत पाच माणसं, डिक्कीत आहेराची भांडी, एक पिंप आंबे. पुढची सीट आत्याला दिली म्हणून मी मागे, मधात काकू, तिकडं तिची नात. गावच्या रस्त्यावर ऐंशीच्या वर कोणी जातच नाही, इथं काकाजींनी शंभर धरला. सरळ सपाट सिमेंटवर काही कळलं नाही. पण पूल आला की पुलाच्या तोंडाशी जो जोड अन् थोडा उतार चढाव असतो, तिथं गाडीचं मागचं अंग वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं, परत खाली, आणि मी मनात मोजलं, चार वेळा. तिसऱ्या पुलाला हलकंसं वळण होतं. तिथं मागचा भाग वर असतानाच एका बाजूला सरकल्यासारखा झाला, वीतभर असेल नसेल, पण पोटात गोळा आला. काकाजींनी स्टिअरिंग घट्ट धरलं, तोंडातून शब्द नाही. पोरीनं काकूच्या मांडीवर उलटी केली. काकू माझ्याकडं पाहून फक्त एवढंच म्हणाली, "आता समजलं का बापू?"

समृद्धीवर मधातच गाडी थांबवायची नसते, म्हणून पुढच्या इंटरचेंजला खाली उतरून एका पंपावर थांबलो, पोरीचं तोंड धुतलं, आणि तिथून पुढे गाडी मी चालवली, ऐंशीच्या आत. परत येतानाही ऐंशीच. काकाजींनी नाही म्हटलं नाही यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गाडीखाली. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, आठ वाजल्यानंतर पत्र्याला हात लावायची सोय नव्हती.

सगळे सांगतात ती दाबून पाहायची परीक्षा पहिले केली. गाडीचा एकेक कोपरा वजन टाकून दाबायचा आणि सोडायचा, एकदा वर येऊन थांबली तर बरी, डुलत राहिली तर शॉकअप गेला. आमची गाडी काय केली असेल? पास झाली! उजवीकडं चांगली, डावीकडं किंचित जास्त डुलली, पण असं नाही की पाहणारा म्हणेल हे गेलंय. काकाजी बाजूलाच चहा घेऊन उभे, "पाहा, म्या म्हटलं होतं." तर या परीक्षेचं असं आहे की ती नापास झाली तर शॉकअप नक्की गेला, पण पास झाली म्हणजे शॉकअप चांगला असं नाही. हातानं आपण गाडी हळू दाबतो, आणि त्या हळू चालीत रबरी बुशांचं, जोडांचं घासणंसुद्धा गाडीला थांबवून देते. पुलाच्या जोडावर शंभरच्या वेगात चाक जितक्या झटक्यानं वर जाते तेवढ्या झटक्यानं आपला हात दाबू शकत नाही. गोल स्प्रिंगेच्या जागी लोखंडी पाट्यांची थप्पी असलेल्या गाड्यांत तर हे अजून लपते, पाटे एकमेकांवर घासून स्वतःच अर्धं डुलणं मारतात, म्हणून जुन्या जीपगाड्यांचे शॉकअप मरून वर्ष झालं तरी मालकाला पत्ता नसतो.

मग गळती पाहिली. वरवर दोन्ही शॉकअप कोरडे, दोन्हीवर धुळीचा थर. आमच्याकडं पांदण रस्त्याची धूळ इतकी की तेल गळलं तरी ओलं म्हणून दिसतच नाही. पण बोट फिरवलं तर फरक कळला. उजव्यावरची धूळ टिचकी मारली की पिठासारखी उडाली, डाव्यावरची उडेना, नखानं खरवडली तर बंडीच्या आखाच्या वंगणासारखी काळी चिकट निघाली, वरून खालपर्यंत. थोडीशी ओल, घाम आल्यासारखी, चांगल्या शॉकअपलाही असू शकते, तेवढ्यावरून बदलू नका. हा मात्र घाम नव्हता. दांड्याला धुळीपासून झाकणारी वरची धूळटोपी फाटून लोंबत होती आणि आतलं फोमचं रबर, ज्याच्यावर शॉकअप शेवटी टेकते, ते हातात घेतलं तर शिळ्या भाकरीसारखं चुरा झालं.

खरा पुरावा टायरनं दिला. तळहात टायरच्या नक्षीवरून हळू गोल फिरवा, डोळे मिटून केलं तर उत्तम. डाव्या मागच्या टायरवर दर थोड्या अंतरावर उतार लागत होता, चढ, उतार, चढ, उतार, जसे कोणी चमच्यानं खरवडून घेतलेत. चाक रस्त्याला चिकटून न राहता उड्या मारत चाललं की जिथं टेकते तिथं घासते, जिथं हवेत असते तिथं नाही, त्यातून हे खळगे पडतात. आणि हूं हूं आवाज या खळग्यांचा होता. बेअरिंगचा नाही. चाक सरळ नसलं, म्हणजे अलाइनमेंट बिघडली, तर झीज वेगळी असते, एका कडेनं सलग किंवा आडवा हात फिरवला तर करवतीसारखी धार लागते. हवा कमी असली तर दोन्ही कडा जातात. आमच्या जुन्या टायरांवर बहुतेक हे खळगेसुद्धा होते आणि काकाजींच्या चोवीसच्या हवेची झीजसुद्धा, पण ते टायर आम्ही बिना हात फिरवता फेकून दिले. बेअरिंगसाठी एक युक्ती सांगून ठेवतो, चाक जॅकवर उचलून हातानं गरगरा फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर ठेवायची, बेअरिंग खराब असलं तर स्प्रिंगमधे खरखर हाताला लागते. १,९०० वाचले असते.

अजून एक परीक्षा केली ती गरमपणाची. चांगला शॉकअप खराब रस्त्यावर चालून आला की गरम होते, मेलेला थंड राहते, कारण जो कामच करत नाही तो तापणार कुठून. पहाटे सहा किलोमीटर गिट्टीच्या रस्त्यानं फिरवून आणली आणि लगेच हात लावला. उजवा कोमट, डावा थंड. काकाजींनाही पटलं. पण मला नाही पटलं, कारण या गाडीत सायलेन्सरचा डबा उजवीकडं आहे, त्याच्या गरमीनं शॉकअप तापला की स्वतःच्या कामानं हे सांगता येईना. म्हणून फक्त या एका खुणेवर निकाल नाही देता येत, आणि दुपारी ४५ डिग्रीत तर ही परीक्षा करूच नका, तेव्हा गाडीचं सगळंच गरम असते.

ठरलं, शॉकअप बदलायचे. आणि दोन्ही. यावर घरात बैठक झाली म्हटलं तरी चालेल, कारण उजवा तर बरा दिसत होता, मग त्याचे पैसे काऊन? गावातला मिस्त्री पण म्हणे एकच टाकू. पण नवा कडक एका बाजूला आणि एक लाख चाललेला दुसऱ्या बाजूला असले की गाडी डाव्या वळणाला एक वागते, उजव्याला दुसरी, जोरात ब्रेक मारला तर अजूनच. पुढचे दोन नाही बदलले तरी चालते, ते चांगले असतील तर, पण एका आखावरचे दोन म्हणजे जोडी. बैलजोडीत एक तरणा अन् एक थकलेला जुंपला तर काय होते हे काकाजींना मी सांगायची गरज नव्हती, तेच स्वतःच म्हणाले, अन् विषय संपला.

अमरावतीला दोन पर्याय मिळाले. एक जण जुने शॉकअप भरून देतो म्हणाला, छिद्र पाडून तेल घालायचं, वेल्डिंग मारायचं, रंग द्यायचा. जोडीचे ८००. स्वस्त आहे, पण तेल अडवणारी सील तीच, घासलेला दांडा तोच, आतले व्हॉल्व्ह तेच, आणि गॅसचा शॉकअप असेल तर छिद्र पाडल्याबरोबर गॅस गेला, तो परत कोण भरणार? ट्रकवाले करतात, त्यांचं ते बघतील. आम्ही गाडीच्या नंबरावरून पार्ट नंबर काढून बिलासकट नवी जोडी घेतली, सोबत धूळटोप्या, फोमचे रबर, वरचे बुश आणि नवे नट. सगळं मिळून ३,७०० च्या आत बसलं. धूळटोपी अन् फोम न घेता फक्त शॉकअप घेणाऱ्यांची मला कीव येते, कारण आमच्या धुळीत बिनटोपीचा दांडा म्हणजे सीलला कानस लावण्यासारखं आहे.

काम घरीच केलं. गावातला मिस्त्री आणि मी. पण त्याआधी एक इशारा, ज्या गाडीत स्प्रिंग शॉकअपवरच गुंडाळलेली असते ती घरी अजिबात उघडू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाते, त्याला स्प्रिंग दाबायचं अवजार लागते. आमची वेगळी होती म्हणून हिंमत केली.

मिस्त्री कोठ्यासमोर जॅक लावायला निघाला होता. तिथं काळी माती, वरून टणक दिसते पण वजन आलं की जॅक भाकरीत बोट जावं तसा आत जाते. गाडी नेली समोरच्या सिमेंट रस्त्यावर. दुसरी गोष्ट हँडब्रेक. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो आणि मागची चाकंच आपण हवेत उचलणार, मग उरतात मोकळी पुढची दोन. म्हणून गाडी पहिल्या गियरमधे टाकली आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून मागून सागाचे ठोकळे ठोकले. बॉडीखाली दोन्ही बाजूला घोडी, म्हणजे लोखंडी टेकू, लावली. विटा नाही. वीट न सांगता फुटते.

खालच्या बोल्टाला आदल्या रात्री डिझेल पाजून ठेवलं होतं तरी तो हलेना, पान्यावर दोन फुटी पाइप चढवला तेव्हा कर्रकन आवाज करून सुटला. वरचा नट डिक्कीच्या आतल्या प्लास्टिकच्या मागे होता, तिथं वेगळीच भानगड, नट फिरवला की त्याच्यासोबत दांडाच फिरते. दांड्याच्या टोकाला चपटं कापलेलं असते, तिथं छोटा पाना धरून मग नट फिरवायचा. मिस्त्रीनं खालून दांड्यालाच प्लायर लावायला घेतला. जुन्याला लावला तर लाव म्हटलं, फेकायचाच आहे, पण नव्याच्या चकचकीत दांड्याला प्लायरचा एक ओरखडा गेला तर सील महिन्यात जाईल.

आणि हे विसरू नका, शॉकअप काढायच्या आधी बीमच्या खाली दुसरा जॅक लावून त्याला किंचित उचलून धरायचं. चाक खाली लोंबतं तेव्हा त्याला शेवटी धरून ठेवणारा शॉकअपच असतो. तो सोडला की बीम धाडकन खाली जातो, ब्रेकचा रबरी पाइप ताणल्या जातो, स्प्रिंग जागेवरून निघून बाहेर पडू शकते. म्हणून दोन्ही बाजू एकदम सोडायच्या नाहीत. एक काढा, बसवा, मग दुसरी. बफर काढायचे होते तेही त्याच ओघात काढले.

डावा जुना शॉकअप हातात आला तेव्हा सगळे बघायला जमले, काकूसुद्धा. दांडा दाबला तर पहिला इंचभर लोण्यात गेल्यासारखा गेला, मग थोडा अडला, मग परत मोकळा, आणि आत खळखळ. ओढला तर जवळपास तसाच बाहेर आला, अन् चांगला शॉकअप दाबायला जितका जोर लागते त्याहून ओढायला जास्त लागायला पाहिजे. सोडून दिल्यावर जिथं होता तिथंच पडून राहिला. उजवा मात्र दाबल्यावर हळूहळू आपोआप वर आला, म्हाताऱ्यासारखा, पण आला.

नवा थेट बसवला नाही. उभा धरून दांडा पूर्ण बाहेर काढायचा, मग उलटा करून पूर्ण आत दाबायचा, परत सरळ, असं पाच सहा वेळा. दुकानात आडवा पडून पडून आतल्या नळीत हवेचे फुगे गेलेले असतात, ते यानं निघतात. पहिल्या दोन वेळा मधात पोकळ लागला, नंतर एकसारखा जड. यानंतर आडवा ठेवायचा नाही, बसवेपर्यंत उभाच.

शेवटी मिस्त्रीशी माझं वाजलं. त्याला गाडी घोडीवर असतानाच खालचा बोल्ट पुरा कसून टाकायचा होता, मी म्हटलं नाही, आधी हलकाच लाव, गाडी चाकांवर उतरव, दोनदा दाबून बसू दे, मग कस. त्याचं म्हणणं, बोल्ट तो बोल्ट, हवेत कसला काय अन् जमिनीवर कसला काय. पण बोल्टाभोवती रबराचा बुश असतो. चाक लोंबत असताना कसला तर रबर त्या लोंबत्या अवस्थेत चिकटून बसते, गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहते, अन् वर्षभरात फाटते. शेवटी तो हो म्हणाला, मला वाटते भूक लागली होती म्हणून. किती जोरानं कसलं ते दाखवणारा टॉर्क पाना आमच्याकडं नव्हता, म्हणून नटावर अन् बाजूला ऑइलपेंटची एकच रेघ मारून ठेवली, शंभर किलोमीटरनंतर रेघ तुटली का ते पाहायला. नाही तुटली. पुढच्या अमरावतीच्या फेरीत टॉर्क पान्यानं तपासून घेतलं.

संध्याकाळी काकाजींनी चक्कर मारली आणि आल्यावर तोंड वाकडं. "हे तं अजून कडक झालं. अन् आवाज हायेच." दोन्ही खरं होतं. नवा शॉकअप बारीक गिट्टीवर थोडा टणक लागतोच, मेलेल्याची सवय झालेल्या अंगाला जास्तच. आणि आवाज टायरच्या खळग्यांचा, ते शॉकअप बदलून भरून येत नाहीत. ते टायर मी पुढे घेतले आणि पुढचे मागे टाकले, तीन महिन्यात आवाज निम्म्यावर आला, पूर्ण गेला नाही, जाणारही नाही.

मग मी काकूला मागे बसवलं आणि नाल्यापुढच्या त्या तुकड्यावर बरोबर साठनं गाडी घातली. पहिल्या लाटेला गाडी वर गेली, खाली आली, आणि बसली. दुसरीला तसंच. काकूनं समोरच्या सीटची पाठ धरून ठेवली होती, तिसऱ्या लाटेनंतर हात सोडून मांडीवर ठेवले. काही बोलली नाही, पण रक्षाबंधनाला माहेरी गेली ती गाडीनं गेली, पोरीला घेऊन.

काकाजी अजूनही त्या तुकड्यावर चाळीसच करतात. अन् उजवा जुना शॉकअप पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, कामी येईल म्हणून.